डाव्या गुर्द्याची सोयरीक

गुंडू चौगुल्याला हृदय व्हायचं होतं. यात त्याची एकट्याची काही चूक नव्हती. एकोणीसशे चौपन्न सालच्या भाद्रपदात कोल्हापुरातल्या चिंचेखालच्या तालमीत तेवीस जणांनी देखाव्यासाठी नावं दिली आणि तेवीसच्या तेवीस हृदयासाठी दिली.

तालमीच्या गणपतीपुढं दरसाल जिवंत माणसांचा देखावा असे. मागल्या साली बकासुरवध केला, तेव्हा बकासुर झालेला पैलवान काही केल्या पडेना, आणि शेवटी भीमालाच दोनदा चितपट करून मोकळा झाला. तेव्हापासून पेठेत बोलणी खावी लागत होती. म्हणून या साली ज्यात कुणी कुणाला मारत नाही असा देखावा करायचं ठरलं. हायस्कुलात शास्त्र शिकवणारे नृसिंह मास्तर म्हणाले, "मानवी शरीर करा. त्यात सगळे मिळून काम करतात." तालमीला ही कल्पना नवीन होती, पण पटली.

हृदय कोण होणार ते पंप कुणाचा यावरनं ठरलं. पंप बाळासोचा होता. पिराजी आणि केरबा हे दोघे जोडीनं हजार बैठका मारत, म्हणून त्यांच्याकडं लोहाराचे दोन भाते देऊन त्यांना फुप्फुसं केलं. उरल्या दोन जागा. एक पेन्शनीतल्या अप्पांना दिली, कारण ती बसून करायची होती. दुसरीसाठी मास्तरांनी गुंडूकडं बोट दाखवलं.

"गुंडू, तू डावं मूत्रपिंड."

"म्हंजे काय ओ मास्तर?"

"गुर्दा रे, गुर्दा," पिराजीनं माहिती पुरवली. "मटणात लई झ्याक लागतोय."

"त्याचं काम काय?"

मास्तरांनी काम सांगितलं. तालीम इतकी हसली की गणपतीपुढची समई विझली.

"मास्तर," गुंडू पडेल आवाजात म्हणाला, "कसबा बावड्यात मी चार एकर ऊस करतो. गुऱ्हाळावर दहा गावची मानसं मला गूळ उतरायला बोलवत्यात. आनि मी मुताचं काम करू?"

"म्हणूनच तुला घेतला," मास्तर म्हणाले. "रस आंबला तर तू काय करतोस?"

"चुना टाकतो."

"किती?"

"ते काय सांगून येतंय व्हय? कमी पडला तर गूळ बसत न्हाय, जास्त पडला तर काळा पडतो. रंग बघून टाकायचा."

"झालं तर! शरीराचं तेच आहे. आपण जे खातो-पितो, त्यानं रक्त सारखं आंबट व्हायला बघतं. त्यातला वायूचा आंबटपणा फुप्फुसं श्वासावाटे बाहेर टाकतात, लगोलग, दोन-चार मिनिटांत. बाकीचा मूत्रपिंडं काढतात, सावकाश, तासातासानं, दिवसादिवसानं. शिवाय पाणी किती ठेवायचं, किती सोडायचं, तेही तीच बघतात. फुप्फुसं घाईची आणि मूत्रपिंडं सबुरीची. हृदय नुसतं ढकलतं. काय ढकलतोय हे त्याला ठाऊकही नसतं."

बाळासो तिथंच बसला होता. त्याला हे शेवटचं वाक्य कौतुकाचं वाटलं.

गुंडूला मात्र पटूनही बरं वाटेना, कारण त्याच्यापुढं वेगळीच अडचण होती. त्याचं सत्ताविसावं सरत आलं होतं, आणि कुरुंदवाडच्या आण्णा पाटलांच्या चिमणाचं स्थळ चालून आलं होतं. चिमणाला त्यानं वाडीच्या घाटावर एकदाच बघितलं होतं. ती एका उद्धट म्हशीला नाव घेऊन दम देत होती आणि म्हैस ऐकत होती. तेव्हापासून गुंडूला दुसरं स्थळ नको होतं. पण चिमणाला आई नव्हती, आत्यानं वाढवलेली. आत्या धोंडुबाई म्हणेल ती पूर्व. तिनं आधीचे दोन मुलगे तंबाखूच्या नुसत्या वासावरनं वाटेला लावले होते, आणि सख्ख्या भावाला, म्हणजे आण्णांना, कृष्णेत उभं करून तंबाखू सोडल्याची शपथ घ्यायला लावली होती.

आणि गुंडू दिवसाला तंबाखूचे सात बार भरत असे.

हे सगळं माहीत असून त्याच्या आईनं, बयाबाईनं, नृसिंह मास्तरांना बसवून कुरुंदवाडला पत्र धाडलं होतं. मास्तर खोटं लिहीत नसत, पण सांगितलेलं लिहीत. बयाबाईनं सांगितलं, "लिवा, मुलगा निर्व्यसनी हाय." मास्तरांनी लेखणी थांबवून उंबऱ्यावर बसलेल्या गुंडूकडं पाहिलं. त्याच्या गालात तेव्हा तंबाखूचा बार होता, त्यामुळं त्याला तोंड उघडून विरोध करता आला नाही. मग बयाबाईनं पुढं सांगितलं, "लिवा, तालमीच्या देखाव्यात मुख्य अवयव हाय. गनपती बघायला या, म्हंजे मुलगा बी बघून हुईल." चतुर्दशीनंतर पितृपंधरवडा लागणार, त्यात सोयरिकीची बोलणी होत नाहीत. तेव्हा हो की नाही, ते त्याच फेरीत व्हायचं होतं.

देखावा उभा राहिला तो असा. बांबू, तरटं आणि रंगीत कागदांचा आठ हात उंच माणूस, मांडी घालून बसलेला. तोंड आ केलेलं, कारण अन्नपाणी आत जायला वाट हवी. तोंडाशी चढायला बाजूनं लाकडी पायऱ्या. तोंडापासून पत्र्याचं नळकांडं थेट खाली पोटातल्या मोठ्या घंगाळात. छातीत सरबतवाल्याकडनं आणलेली काचेची थोरली बरणी. बाळासोनं पंप मारला की घंगाळातलं रक्त नळीनं बरणीत चढायचं आणि दुसऱ्या नळीनं पुन्हा घंगाळात उतरायचं. रक्त म्हणजे हळदीचं पाणी. त्यात चुन्याची निवळी पडली की ते कुंकवासारखं लाल होई आणि आंबट काही पडलं की पिवळं. घंगाळाच्या दोन बाजूंना दोन गुर्दे, मध्ये निवळीची कळशी. घंगाळाच्या आतून मास्तरांनी एक रेघ मारली होती.

"पाणी रेघेच्या वर आलं की काढून बादलीत टाकायचं. खाली गेलं की हात आखडायचा. पिवळं दिसलं की निवळी. बस्स."

"पर रेघ हितंच का?" गुंडूनं विचारलं. "ठरीवली कुनी?"

"देवानं," मास्तर म्हणाले. एरवी ते देव मानत नसत.

सोनेरी कागद थोडा उरला, तो वाया जाऊ नये म्हणून पिराजीनं कागदी माणसाच्या डोक्यामागं प्रभावळ लावली. इथंच सगळं बिनसलं, पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गणपतीच्या पाचव्या दिवशी दिवेलागणीला कुरुंदवाडचे पाहुणे आले. आण्णा पाटील सव्वा पुरुष उंच आणि गप्प. धोंडुबाई त्यांच्या कमरेएवढी, आणि गप्प नाही. बयाबाईनं दोघांना पहिल्या ओळीत घोंगड्यावर बसवलं. मंडपात पेठ लोटली होती. गॅसबत्त्या भणभणत होत्या. गुंडू तांबडा सदरा घालून घंगाळापाशी बसला होता. दिवसभर त्यानं बार भरला नव्हता. तंबाखूची चंची कमरेला होती, पण ती निव्वळ धीरासाठी.

"तुमचा गुंडू कुठला?" धोंडुबाईनं विचारलं.

"त्यो काय, मदे. मोक्याच्या जागंला."

धोंडुबाई मराठी तिसरीपर्यंत शिकलेली. तिनं गुंडूच्या छातीवरची पाटी सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशी वाचली, "डा-वे मू-त्र-पिं-ड. हे काय असतंय?"

"हृदयाच्या खालोखालचं," बयाबाई म्हणाली. शरीरशास्त्राप्रमाणं यात चूक काढता येत नाही.

मास्तर भोंग्यावरनं बोलू लागले. हृदय धडधडू लागलं, भाते फुसफुसू लागले, बरणीतनं लालभडक रक्त खेळू लागलं. लोकांनी 'वा रं वा' केलं. मग मास्तर म्हणाले, "आता आपण या शरीराला पाणी पाजू," आणि पायऱ्या चढून त्यांनी कागदी माणसाच्या तोंडात पेलाभर पाणी ओतलं.

आता लोकांनी काय पाहिलं ते ध्यानात घ्या. गणपतीशेजारी मांडी घालून बसलेली मूर्ती, मागं सोन्याची प्रभावळ, आणि सोवळ्यातला वाटावा असा माणूस पायऱ्या चढून तिच्या मुखी पाणी घालतो आहे. मागल्या ओळीतली एक म्हातारी उठली, तांब्या घेऊन पायऱ्या चढली, तिनं पाणी ओतलं आणि कानशिलावर बोटं मोडली. तिच्यामागं दुसरी उठली. कोल्हापुरात रांग आधी लागते. ती कशाची हे लोक मागनं विचारतात.

"हा देव नाही!" मास्तर भोंग्यावरनं ओरडले. "हे शरीर आहे!"

"शरीरातच देव असतोय मास्तर," एक आजोबा समजुतीनं म्हणाले आणि त्यांनी शहाळं उपडं केलं.

घंगाळातलं पाणी रेघेच्या वर चढलं. गुंडूनं एक बादली काढली, मग दुसरी, मग तिसरी. समोर अप्पांकडं पाहिलं तर अप्पा भिंतीला टेकून घोरत होते.

"मास्तर, उजवा गुर्दा निजला की!"

मास्तर हाडाचे शिक्षक. अशा वेळीही ते भोंग्यावरनं म्हणाले, "लोकहो, इथं एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. एक मूत्रपिंड बंद पडलं तरी दुसरं एकटं गाडा ओढू शकतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. गुंडूनं नववी बादली मागच्या गटारात ओतली.

इतक्यात ज्याची बरणी छातीत लावली होती तो सरबतवाला पुढं झाला. आपल्या बरणीला देवपण आलेलं बघून त्यानं आधी तिला हात जोडले. "धंद्याला बरकत दे बाबा," असं म्हणून त्यानं लिंबाच्या सरबताचं अख्खं मडकं त्या तोंडात रिकामं केलं.

छातीतलं रक्त आधी केशरी झालं, मग पिवळंधमक.

"कावीळ झाली!" मंडपात ओरडा झाला. "देवाला कावीळ झाली!"

बाळासो गडबडून दुप्पट जोरानं पंप मारू लागला, त्यामुळं होतं तेवढं पिवळं दुप्पट वेगानं फिरलं.

"फुप्फुसं! नेट लावा!" मास्तर ओरडले. पिराजी आणि केरबा असे पेटले की भात्यांनी पुढच्या ओळीतले फेटे हलायला लागले. भाते कमी पडले म्हणून दोघे तोंडानंही फूं फूं करू लागले. दोन मिनिटांत केरबाचे डोळे फिरले.

"मास्तर, बोटांस्नी मुंग्या आल्या! भवती सगळं गरगरतंय!"

"तोंडानं नको रे! तुझा स्वतःचा वायू नको तितका बाहेर गेला! हळू घे, हळू! भाता वेगळा, तू वेगळा!"

गुंडूनं कळशी उचलून निवळी ओतली. बरणीत पिवळ्याचं पुसट नारिंगी झालं. आणखी ओतायला गेला तर कळशी रिकामी. एका मडक्याभर लिंबाचा हिशेब मास्तरांनी धरलेलाच नव्हता.

आता चुना कुठं होता हे गुंडूला पक्कं ठाऊक होतं. तो त्याच्या कमरेला होता. चंचीत डबी, आणि डबीत ताजा, मऊ, लोण्यासारखा चुना. समोर, चार हातांवर, धोंडुबाई. तिचे डोळे पिवळ्या बरणीवर नव्हते, गुंडूवर होते. तिच्यामागं बयाबाई मान हलवून 'न्हाय, न्हाय' असं खुणावत होती. गुंडूनं कुरुंदवाडची वाट डोळ्यांपुढं आणली, घाट आणला, म्हैस आणली. मग त्यानं घंगाळात पाहिलं. आंबलेला रस पुढ्यात असताना हात बांधून बसायची त्याला सवय नव्हती. पंधरा गुऱ्हाळं उतरवलेला माणूस. त्याचा हात कमरेला गेला तो त्यानं नेला असं म्हणता येणार नाही.

चंची बाहेर आली. चंचीतनं तंबाखूची पानं खाली सांडली, सगळ्यांच्या देखत. डबी उघडली आणि गुंडूनं नख भरून चुना घंगाळात कालवला. घंगाळाच्या एका कडेला थोडं लाल उमटलं आणि विरलं.

मग मात्र त्यानं भीड सोडली. उभा राहिला आणि तालमीच्या आवाजात ओरडला, "पावणं! चुना द्या चुना! ज्याच्याकडं असंल त्यानं द्या!"

मग दोनशे हात दोनशे कमरांना गेले. पितळी डब्या, जर्मनच्या डब्या, एका वकिलाची चांदीची डबी, सगळ्या हातोहात पुढं येऊ लागल्या. ज्यांच्या बायका शेजारी बसल्या होत्या, त्यांनी शेजाऱ्याची म्हणून दिली. आण्णा पाटलांचा हातही सवयीनं कमरेला गेला आणि डबी घेऊन वर आला. वर आल्यावर त्यांना आठवलं की शेजारी बहीण बसली आहे. पण तोवर डबी पुढच्या माणसानं घेतलीही होती.

धोंडुबाईनं भावाकडं पाहिलं. त्या नजरेनं गॅसबत्ती भपकन उडाली असं बयाबाई पुढं सांगत असे.

गुंडू चुना कालवत होता, थांबत होता, रंग बघत होता, पुन्हा कालवत होता. बरणीत केशरी आलं, शेंदरी आलं, मग कुंकवाचं लाल आलं. मंडपानं मोरयाचा गजर केला आणि उत्साहानं आणखी डब्या फेकल्या. लाल गडद होत विटकरीकडं झुकायला लागलं.

"बास!" गुंडू घंगाळावर आडवा पडला. "बास म्हनतोय की! आता चुना फेकला तर हात मोडीन! जास्त झालं तरी मरतंय त्ये!"

"अजून लाल हुंदे की," बाळासो पंपावरनं म्हणाला.

"तू गप हो, ढकल नुसता!"

"बरोबर!" मास्तरांना हर्षवायू व्हायचा बाकी होता. "लोकहो, आता उलटं झालं! फुप्फुसं, सावकाश! वायू राखून ठेवा!" पिराजी आणि केरबा इतक्या आनंदानं सावकाश झाले की केरबा तिथंच खाली बसला. गुंडूनं अर्धी बादली काढली, डोळा बारीक करून रेघेशी पाणी ताडलं, एक तांब्या काढला, अर्धा परत ओतला. पाणी रेघेला टेकलं. बरणीत लाल स्वच्छ खेळू लागलं. कागदी माणूस आ करून तसाच बसला होता. त्याला आपल्यावर काय गुदरलं होतं याचा पत्ताही नव्हता. अप्पा जागे झाले आणि म्हणाले, "करायचं का सुरू?"

हार आणला होता, तो रिवाजाप्रमाणं हृदयाला घातला. बाळासोनं तो नम्रपणे स्वीकारला.

मंडपामागं चहाला बसल्यावर धोंडुबाईनं गुंडूला समोर बसवलं. आण्णा जरा लांब, खांबाच्या सावलीत बसले होते.

"डबी कुनाची?"

"माजी."

"पत्रात तर निर्व्यसनी लिवलंय."

"आईनं सांगटलं, मास्तरांनी लिवलं."

"आनि तू?"

"मी तितंच हुतो. गप बसलतो."

"का गप बसलतास?"

गुंडूनं आईकडं पाहिलं. आईनं पदर तोंडाशी घेतला.

"तोंडात तंबाखू हुती," तो म्हणाला.

खांबाच्या सावलीतनं आण्णांचं हसू फुटलं. आयुष्यात ते इतक्या मोठ्यानं हसल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

"तू हसू नगंस," धोंडुबाई तिकडं न बघता म्हणाली. "तुला घरी गेल्यावर बघतो." मग ती पुन्हा गुंडूकडं वळली. "आदल्या दोनी पोरांनी तंबाखू लपीवलीती. तू बी लपीवलीतीस. पर त्यांस्नी मला वासावरनं हुडकाया लागलं, तुला हुडकाया बी लागलं न्हाय. चार हातांवर मी बसलोय, नि ह्यो बाबा चंची काडतोय. का? तर कागदाच्या मानसाचं रगात आंबलं." तिनं बशीतला चहा संपवला. "बयाबाई, असला मानूस घरात ठिवायला सोपा. काय बी दडवाया गेला तर आदी आपल्यालाच दिसंल."

बयाबाईला रडू आलं. ते आनंदाचं की अपमानाचं, हे तिनं नंतर ठरवायचं ठेवलं.

"पर तंबाखू सुटली पायजे. मास्तर, अंगातनं तंबाखू जायाला किती दिस लागत्यात?"

मास्तरांनी चष्मा पुसला. "तंबाखूचं विष मूत्रपिंडं तीन-चार दिवसांत बाहेर काढतात. सवय काढणं मात्र त्यांच्याकडं नाही."

"सवयीचं चिमणा बघंल. म्हशी वठणीवर आनल्यात तिनं." धोंडुबाई उठली. "तुमच्या गुर्द्यांस्नी चार दिस लागत्यात, आमी तीन म्हैनं देतो. मार्गशीर्षातली तिथ काडा." तिनं हात पुढं केला. गुंडूनं चंची आणि डबी मुकाट्यानं त्यावर ठेवली. मग तिनं तोच हात खांबाकडं केला. आण्णा डब्यांच्या ढिगातनं आपली डबी शोधून घेऊन आले आणि त्यांनीही ती ठेवली. धोंडुबाईनं सगळं पदरात बांधलं, गाठ मारली आणि गाडीकडं चालू लागली.

आण्णा मागं राहिले. कोठडीतला जुना कैदी नव्यानं आलेल्या कैद्याकडं बघतो तसं त्यांनी गुंडूकडं पाहिलं, आणि त्याच्या खांद्यावर हात टाकून कानाशी वाकले.

"पैला दिस सोपा जातोय, जावईबापू," ते हळूच म्हणाले. "तिसऱ्या दिशी मातुर बडीशेप जवळ ठिवा."